नवांच्या रांगेतला सात

फाट्यावर एसटीतून उतरले तर समोर मीच उभी होते, दहा फूट उंच.

फोटो चुलतभावाच्या लग्नातला. त्या लग्नाला मी ड्यूटीवरून थेट युनिफॉर्ममध्ये पोचले होते आणि गावाकडे माझा युनिफॉर्ममधला तेवढा एकच फोटो आहे. फ्लेक्सवाल्यानं मागचा मांडव कापून तिथं लढाऊ विमान चिकटवलं होतं, पण माझ्या केसांत अडकलेल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या. वर लिहिलं होतं, ‘गावची रणरागिणी! हवाई दलात ग्रुप कॅप्टनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, निम्मे काळ्या चष्म्यात, एक मोबाइल कानाला लावलेला. रविवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात सत्कार आणि नंतर भोजन, असंही होतं.

मी लढाऊ विमान उडवत नाही. मी इंजिनिअर आहे. विमान उडायच्या लायकीचं आहे की नाही ते बघून सही करते. पण ते आमच्या गावात इतक्या वर्षांत कुणाला पटलेलं नाही, त्यामुळे त्या विमानाचं मला काही वाटलं नाही. अडचण वरच्या ओळीची होती. माझी ग्रुप कॅप्टनपदी निवड झालेलीच नव्हती.

यादी लागून आठवडा झाला होता. विंग कमांडरपर्यंत आमच्याकडे वर्षं भरली की माणूस चढतो. त्यापुढं निवड असते. बोर्ड बसतं, मागच्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल समोर घेतं, जागा असतील तेवढी नावं काढतं आणि उरलेल्यांना पुढच्या साली बघू म्हणतं. पुढच्या साली काय बघणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी उरलेल्यांत होते. हे घरी समोर बसून सांगायचं, फोनवर नाही, म्हणून तर मी चार दिवसांची रजा काढून पुण्याला उतरले होते. शिरवळच्या कारखान्यांपासून साताऱ्याकडच्या औंधच्या वाटेवरच्या आमच्या गावापर्यंत मी मनात वाक्य जुळवत आले होते. त्या फ्लेक्सखाली ते सगळं विसरले आणि बॅग उचलून घरी गेले.

आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तेही काळ्या चष्म्यात, पण त्यांचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. आप्पा म्हणजे माझे वडील, पायदळातले निवृत्त सुभेदार. आमच्या गावात दर दोन घरांमागं एक फौजी आहे आणि त्या सगळ्यांना वाटतं की सैन्य म्हणजे आपण.

फ्लेक्सचा उगम कळायला पाच मिनिटं लागली. डोळे दाखवायला आप्पा मिरजेला गेले होते. परत येताना सांगलीत त्यांना माझ्या कोर्समेटचा फ्लेक्स दिसला. आम्ही दोघं अकादमीत एकाच दिवशी गेलो, एकाच दिवशी पास झालो. तो सांगलीचा, मी इकडची, म्हणून सुट्टीला येताजाता तो आमच्या घरी जेवूनही गेला आहे. त्याच्या फ्लेक्सवर ग्रुप कॅप्टन लिहिलं होतं. आप्पांच्या पलटणीत एका दिवशी भरती झालेल्यांचा नंबर एकामागोमाग लागायचा. ज्याचा लागला नाही तो एक तर दारू प्यालेला असायचा नाहीतर रजेवरून परत न आलेला. त्यांची लेक यातलं काही करत नाही, तेव्हा विषय संपला. सांगलीकरांनी फ्लेक्स लावला आणि आमच्या गावानं लावायचा नाही, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. ते डोळ्यांत औषध घेऊनच सरपंचाकडं गेले.

“मला इचारायचं तरी, आप्पा.”

“त्यात काय इचारायचं? एका दिवशी पास झालेली तुमी दोगं. त्याचं झालं म्हंजी तुजं झालंच की.”

“माजं झालं न्हाई.”

आई भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात आली होती. ती तांब्या हातात धरून तशीच थांबली. तिनं मंगळवारीच औंधला जाऊन यमाईची ओटी भरली होती, आणि ओटी काही परत मागता येत नाही. शेवटी तिनं तुकडा ओवाळून टाकलाच आणि आत जाऊन चहा ठेवला.

आप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. पण ते चौकशीला बसल्यासारखे पुढं सरकले आणि म्हणाले, “कुणी मारलं?”

मग मी त्यांना सातची गोष्ट सांगितली.

आमच्या अहवालात साहेब आपल्याला दहापैकी गुण देतो. कागदावर पाच म्हणजे ठीक, सात म्हणजे चांगला, नऊ म्हणजे हजारात एखादा. प्रत्यक्षात सगळ्यांना नऊ मिळतात. आपला माणूस मागं पडू नये म्हणून हा नऊ देतो, मग तो नऊ देतो, मग साडेआठ म्हणजे शिवी होते. मीही माझ्या हाताखालच्यांना नऊच वाटत होते, संक्रांतीचं वाण लुटावं तसे. त्यात कुणाला काही कळायचं नाही. साहेब तोंडावर म्हणणार, छान चाललंय, आणि कागदावर काय लिहिलं ते बोर्ड बसल्यावर वासावरून ओळखायचं.

तीन वर्षांपूर्वी मला एक साहेब भेटले, केरळकडचे. शांत माणूस. अहवालाच्या दिवसांत त्यांनी मला बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, “तुझं काम उत्तम आहे. पण तू माणसांना बोलू देत नाहीस. मी तुला सात देतोय. आकडा सांगायची पद्धत नाही, तरी सांगतो, कारण तो तुझा आहे.”

मी भडकले. मी म्हणाले, सर, सगळे नऊ देतात. ते म्हणाले, “म्हणजे तुला माझं मत नको आहे, सगळ्यांचं हवं आहे.”

का सात, तेही त्यांनी सांगितलं, आणि ते मला त्यांनी सांगायच्या आधीच माहीत होतं. आमच्या हँगरमध्ये एक वॉरंट ऑफिसर होते, आप्पांच्या भाषेत सुभेदार म्हणा. हात सोन्याचे, पण बोलायला लागले की परवापासून सुरुवात करायचे. एकदा सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि कुठल्याशा कपाटाच्या किल्लीपासून काहीतरी सांगू लागले. मला बैठक होती. मी म्हणाले, मुद्द्यावर या. ते “कुछ नहीं, मॅडम” म्हणाले आणि गेले. त्यांना सांगायचं होतं की नट मोजून आवळायचा आमचा एक पाना तपासणीची मुदत उलटून गेली तरी वापरात आहे. ते चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाला तरी दिसलं. तेवढ्या दिवसांत त्या पान्यानं आवळलेला एकेक नट पुन्हा उघडावा लागला. दोन विमानं जमिनीवर बसली आणि माझी पोरं सुट्टीच्या दिवशी राबली. कुणाला इजा झाली नाही. झाली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

तेव्हा तो सात मला मिळायलाच हवा होता. तेव्हाही मला हे कळत होतं, म्हणून तर एवढा राग आला होता. त्यानंतर मी माझे नऊ वाटणं बंद केलं. ज्याला जे द्यायचं ते समोर बसवून सांगते आणि तेच लिहिते. माझ्याबद्दल लोक फार बरं बोलत नाहीत, आणि न का बोलेनात.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तक्रारीची मुदत कवा संपती?”

“सोमवारी संध्याकाळी पाचला. पण त्यानं खोटं लिवलेलं न्हाई, आप्पा.”

“खरं-खोटं वरचं बगतील. तू अर्ज करायचा.” मग ते माझ्याकडं न बघता बोलायला लागले. “माज्या टायमाला एका सायबानं माज्यावर लिवलं. खोटंनाटं. मी म्हनलं, जाऊंदे, देव बगतोय. गप बसलो. सुभेदार मेजर न्हाई झालो. देवानं काय बी बगितलं न्हाई. तू गप बसायचं न्हाईस, सांगून ठेवतो. आन् रविवारी सत्कार घ्यायचा. अर्ज मंजूर झाला की मागल्या तारखेनं मिळतंय, आमच्यात लय जनांचं तसं झालंय.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. सुभेदार मेजर का झाला नाहीत म्हणून कुणी विचारलं की ते म्हणायचे, जागा नव्हती. मी हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले. कोर्समेटचं अभिनंदन करायला हवं होतं आणि घरात आप्पा दर तासाला अर्जाची आठवण करत होते. चुलतभावाची गाडी घेतली आणि विट्यावरून, तासगावच्या द्राक्षबागांमधून गेले. त्याचं घर हळदीच्या बाजाराच्या मागं आहे. घरात शिरलं की कपड्यांना हळदीचा वास लागतो आणि तो दोन धुण्यांत जात नाही. त्याच्या आईनं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो मनापासून खाल्ला. त्याला मिळालं याचं मला वाईट वाटलं नव्हतं. तो चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे का, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही, आणि त्याचीच तर चीड आहे.

त्यानं माझ्यासाठी अर्जाचा मसुदा करून ठेवला होता. माझ्यासाठी म्हणून केला होता, प्रेमानं केला होता. लॅपटॉप माझ्याकडं वळवून तो म्हणाला, “बघ. तुला फक्त सही करायचीय. एक अहवाल बाकीच्या सगळ्यांपेक्षा एवढा खाली आहे म्हणजे तो बाजूला काढतातच. कारण काहीतरी द्यावं लागतं, ते मी दिलंय.”

कारण असं होतं की ते साहेब महिला अधिकाऱ्यांबद्दल आकस धरून होते.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले.

“अगं, असं होत नाही का? तूच मला कितीतरी किस्से सांगितलेस.”

“होतं. त्यांच्याकडं नाही झालं.”

“तो रिटायर झालाय. त्याला कळणारसुद्धा नाही. त्याचं काय जातंय?”

खरंच, असं होतं. मला एका साहेबानं तांत्रिक बैठकीत अकरा पुरुषांसमोर चहाचं बघायला पाठवलं होतं, आणि मी परत येईपर्यंत माझ्याच विमानांचा निर्णय झालेला होता. तोच साहेब मला प्रत्येक वेळी ‘बेटा’ म्हणायचा. त्यानं मला नऊ दिले होते. ते नऊ कुणी बाजूला काढा म्हणत नाही. ज्यानं मला माणूस समजून माझी चूक सांगितली त्याच्यावर मी बायकांचा द्वेष्टा म्हणून सही करायची, आणि पुढं एखाद्या पोरीला खरोखरच तसा भेटला की तिचा अर्ज वाचून लोक म्हणणार, ह्या सगळ्या असंच लिहितात. मी त्याला हे सगळं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की त्याची आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

“तुला तुझ्या साहेबानं कधी काही सांगितलं का रे तोंडावर? एवढ्या वर्षांत?”

तो हसला. “कीप इट अप म्हणाले.”

त्याचे वडील कोपऱ्यात पेपर वाचत होते. जुने हळदीचे व्यापारी. ते पेपर खाली न घेता म्हणाले, “आमच्यात पूर्वी बोली रुमालाखाली व्हायची. बोटं दाबून. शेतकरी शेजारीच उभा असायचा, पण त्याच्या मालाला कोण किती म्हणतंय ते त्याला दिसायचं नाही. आता उघड्यावर होते. भांडणं वाढली, पण बरं झालं.” त्यांनी एवढंच बोलून पान उलटलं. निघताना कोर्समेटनं तो मसुदा मला मेल केला. असू दे जवळ, म्हणाला.

रविवारी सकाळी समाजमंदिर भरलं. पुढच्या दोन रांगांत माजी सैनिक, ब्लेझरवर पदकं लावून. आप्पा मधोमध, पाठ ताठ. बाजूला बचत गटाच्या बाया, मागं बाकीचा गाव, आणि पलीकडून मटणाचा वास. मला फेटा बांधला. सरपंचांनी भाषण केलं. त्यात मी दोन वेळा पायलट झाले आणि एकदा सीमेवर गेले. शाल उघडून ते माझ्याकडं वळले तेव्हा मी माइक मागून घेतला.

रात्रभर मी ठरवत होते की काय बोलायचं, आणि बोलले ते वेगळंच. मी म्हणाले, “फ्लेक्सवर लिवलंय ते झालेलं न्हाई. माजी निवड झाली न्हाई. आप्पांची चूक न्हाई, त्यांनी आमच्या खात्याला त्यांच्या पलटणीसारखं समजलं. मला एका सायबानं दहातले सात दिले. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या सायबांनी नऊ दिले, म्हणून मी मागं राहिले. माजे सात खरे हायेत. मी एका मानसाचं ऐकून घेतलं न्हाई, त्याचे हायेत. मला त्याची लाज वाटत न्हाई. मी काल हुते तीच आज हाय, उद्या बी तेच काम करनार. शाल मला नको. पर जेवून समद्यांनी जायाचं.”

माइकनं शेवटचा शब्द दोनदा म्हटला. बायांमधल्या एका म्हातारीनं विचारलं, “म्हंजी तुला नोकरीतनं काडलं व्हय गं?”

“न्हाई, आजी.”

“मग रडायचं काय त्यात?” ती म्हणाली, आणि लोक हसले. सरपंच शाल हातात घेऊन गोंधळले होते. त्यांनी ती माझ्या आईच्या खांद्यावर घातली आणि माइकवरच जाहीर केलं की फ्लेक्स गुंडाळून ठेवतो, पुढच्या साली लागेल. पंगती बसायला लागल्या. तेव्हा माझं लक्ष पुढच्या रांगेकडं गेलं. मधली खुर्ची रिकामी होती. आप्पा माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच उठून गेले होते.

मी जेवले नाही. फेटा हातात घेऊन घरी आले. आप्पा सोप्यात बसले होते, ब्लेझर तसाच, आणि पुढ्यात एक कागद. आडव्या रेघांचा कागद, त्यावर त्यांनी आदल्या रात्रीच पलटणीतल्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत अख्खा अर्ज लिहून काढला होता. एका डोळ्यानं. ओळी वरखाली गेल्या होत्या. शेवटी माझं पद आणि सहीसाठी रेघ.

“सही कर.”

“न्हाई, आप्पा.”

“गावासमूर माजी चड्डी फाडलीस. आता तेवढं तरी कर.”

“तुमच्यावर खोटं लिवलं हुतं. तुमी भांडायला पायजे हुतं. माज्यावर खरं लिवलंय. मी कशापायी भांडू?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “त्यो सायब आता कुटं असतो?”

“रिटायर झालेत. गावाकडं असतात.”

“फोन लाव.”

मला वाटलं आता ते त्या माणसाला शिव्या घालणार. मी नको म्हणाले. त्यांनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला, तेव्हा मी नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून हॅलो आलं तसे आप्पा उठून उभे राहिले.

“जय हिंद साब. मैं विंग कमांडर का बाप बोलता है. रिटायर सुभेदार.” मग माझं नाव आणि आमचं स्टेशन सांगितलं. साहेबांनी ओळखलं. आप्पा म्हणाले, “साब, आपने उसको सात दिया. मैं झगडा करने को फोन नहीं किया. एकही बात पूछना है. उस साल बाकी लोगों को कितना दिया?”

हा प्रश्न मी तीन वर्षांत विचारला नव्हता. सुचला नव्हता असं नाही, विचारायची भीती वाटत होती. त्यांनी बाकीच्यांना नऊ दिले असतील तर मी आत्ताच गावासमोर जे बोलून आले ते सगळं मूर्खपणाचं होतं. मग तो सात माझ्या चुकीचा नव्हता, मुद्दाम एकट्या मला दिलेला होता, आणि मग मला सही करावी लागली असती.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. साहेब म्हणाले की हे सांगायचं नसतं. आप्पा तसेच उभे राहिले. मग साहेबांनी त्यांच्या सावकाश हिंदीत सांगितलं की कुणाला पाच, कुणाला सहा, एकाला साडेसहा. सात एकटीलाच. “वो सबसे अच्छी थी,” ते म्हणाले. मग थांबून विचारलं, “क्यों, उसका हुआ नहीं क्या?”

“नहीं हुआ, साब.”

“मुझे लगा था बोर्ड समझेगा,” साहेब म्हणाले.

आप्पांनी जय हिंद केला आणि फोन माझ्या हातात दिला. मला रडू आलं. यादी लागली तेव्हा आलं नव्हतं, फ्लेक्स बघून आलं नव्हतं. त्या माणसानं दिलेल्यातलं सगळ्यात मोठं मला दिलं होतं आणि त्यानंच मी बुडाले होते, आणि यात तो चुकला नव्हता आणि मीही चुकले नव्हते. आई पंगतीतून माझ्यासाठी ताट घेऊन आली. मला रडताना बघून तिनं ते शेजारी ठेवलं.

डोळे पुसले तशी तिडीक उठली. लॅपटॉप उघडला. कोर्समेटचा मसुदा पुसून टाकला आणि आमच्या खात्याच्या इंग्रजीत माझा स्वतःचा अर्ज लिहिला. मराठीत तो साधारण असा होईल:

‘या अहवालातील सात गुण बरोबर आहेत. ते बदलू नयेत व हा अहवाल बाजूला काढू नये. त्या वर्षी या अधिकाऱ्यांनी दिलेले हे सर्वांत जास्त गुण आहेत, याची नोंद तपासून पाहावी. माझ्याबरोबर विचारात घेतलेल्या सर्वांचे अहवाल याच हाताने लिहिले असते तर मी यादीत कितवी असते, एवढे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’

आप्पांना वाचून दाखवला, शब्द न् शब्द मराठीत करून. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“ह्यानं काय बी व्हनार न्हाई,” ते म्हणाले.

“ठाव हाय.”

“उलट डूख धरतील. फुडल्या साली बी मारतील.”

“मारू देत.”

आप्पांनी आपला रेघांचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि ब्लेझरच्या खिशात ठेवला. मग माझ्या खांद्यावरून पडद्याकडं वाकून, चांगला डोळा जवळ नेऊन, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मग ही नम्र विनंती कशापायी? काड ती.”

मी ती काढली आणि अर्ज पाठवून दिला.